नाल्यापलीकडचं प्रकरण

१

श्रावण खोब्रागडे गुरुजींच्या पुण्यानुमोदनाला आलेली माणसं जेवून आपापल्या गावी गेली, आणि चार वाजायच्या आत कळलं की घरात चोरी झाली आहे. सोनं जागेवर होतं, टीव्ही जागेवर होता. गेले होते ते फक्त हाताने लिहिलेले कागद. पण त्या कागदांची वाट गडचिरोलीपासून कोरपन्यापर्यंतची शाळकरी पोरं वर्षभर बघत होती.

गुरुजींनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर एकदम भुताखेताच्या पुस्तकांना हात घातला. 'पलीकडचं रान' नावाची त्यांची मालिका, सहा भाग झाले होते. रेला नावाची मुलगी, तिचा रानात हरवलेला भाऊ चैतू, आणि एक असं रान, जिथं हरवलेली माणसं राहतात आणि तिथल्या झाडांना सावली नसते. वर्गात बाकाखाली धरून पोरं ही पुस्तकं वाचत आणि रात्री आईचा पदर धरून झोपत. सातवा भाग शेवटचा. चैतू सापडतो की नाही, हे त्याच्या बाविसाव्या, शेवटच्या प्रकरणात कळायचं होतं. गुरुजींनी ते लिहून संपवलं आणि दुसऱ्या दिवशी हृदयाने दगा दिला. दुसरी प्रत नव्हती.

कपाट उघडलं ते त्यांच्या मुलीने, सरिताने. ती कोरपन्याला शिक्षिका. एकविसावं आणि बाविसावं प्रकरण बाबांनी एकाच दोऱ्यात बांधून ठेवलं होतं, हे तिला ठाऊक होतं. तिने गठ्ठा उचलला, आणि किंचाळलीच.

"काका, इकडं या! अक्षरं गेली!"

बापूराव रामटेके ओसरीवरून धावत आले. वरचा कागद कोरा होता, त्याखालचा कोरा, त्याखालचाही कोरा.

२

बापूराव गुरुजींचे सिंदेवाहीचे लंगोटीयार. पोलीस खात्यात हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. भुतावर त्यांचा विश्वास नव्हता. भुतांनी केलेली म्हणून जेवढी प्रकरणं त्यांच्याकडे आली, त्यातलं प्रत्येक कुणातरी जावयाने किंवा चुलतभावाने केलेलं निघालं होतं.

त्यांनी कोरा कागद उलटून पाहिला. पाठीमागे गुरुजींचं तिरपं अक्षर नांदत होतं.

"अगं, कागद पालथे हायेत. घाबरू नको."

गुरुजी कागदाच्या एकाच बाजूला लिहीत. गठ्ठ्यात सव्वीस कागद होते, सगळे एकविसाव्या प्रकरणाचे. वरचे तेरा पालथे, खालचे तेरा उताणे. बाविसावं प्रकरण गायब. गुरुजी प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या कागदावर लाल पेन्सिलने ठळक आकडा काढत; चोराने नेमका 'बावीस' आकड्यापासून गठ्ठा वेगळा केला होता आणि उरलेला पुन्हा नीट बांधून ठेवला होता. दोऱ्याची गाठही अशी, की एक टोक ओढलं की सुटावी.

"खाली पडले असतीन कागद," सरिता म्हणाली. "घाईघाईत भरले असतीन."

बापूरावांनी मान हलवली. पडलेले कागद गोळा केले तर उलटसुलट होतात, बरोबर निम्मे होत नाहीत. पण असं का, हे काही त्यांना सुचेना. म्हणून त्यांनी सोप्या प्रश्नापासून सुरुवात केली. कपाटाची किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला असते, हे कुणाकुणाला माहीत?

तीन जणांना. सरिता, गुरुजींचा पुतण्या मिथुन, आणि चार वर्षांपासून घरात रांधणारी बायनाबाई.

बायनाबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. जिला वाचता येत नाही ती गोष्ट कशाला चोरेल? बापूरावांनी तिचं नाव तिथल्या तिथे खोडलं आणि तिने पुढे केलेला चहा घेतला. तिच्या हातचा चहा ते चार वर्षं पीत होते, फक्कड करायची.

"कोनं नेलं असन जी?" तिने विचारलं.

"भेटन, बाई. कागदाले पाय फुटत नाईत."

मिथुन मात्र दुपारपासून दिसला नव्हता. आणि त्याचा फोन बंद होता.

३

मिथुनची छपाई, तोच काकाचा प्रकाशक. बापूराव त्याच्या दुकानात शिरले तेव्हा तो अंधारात यंत्राशेजारी बसला होता. डोळे सुजलेले.

"फोन काऊन बंद हाये बे?"

"पोरांचे फोन येऊन राह्यले, काका. 'चैतू सापडला का', 'चैतू सापडला का'. मी का सांगू?"

"तुले तं तो सापडाले नको होता ना? सरिता सांगून राह्यली होती. श्रावणसंग भांडलास म्हने."

मिथुनने मान खाली घातली. भांडण खरं होतं. सातव्या भागाचा शेवट उघडा ठेवा, म्हणजे आठवा काढता येईल, असा त्याचा आग्रह. काका म्हणाले होते, शेवट झालाच पाहिजे, मी फार दिवस ते पोर हिंडवत ठेवलं. त्यावर मिथुन तावातावाने उठून आला आणि महिनाभर त्या घराची पायरी चढला नाही.

"मले वाटलं, येतीनच माहे काका समजूत काढाले. दरवेळेस तेच येत होते. ते नाई आले. तुमी मले चोर म्हना, काका. पन मी ते प्रकरण नेलं असतं तं आतापर्यंत शंभरदा वाचलं असतं. त्यात त्यांचं शेवटचं बोलनं होतं."

बापूरावांनी त्याच्या हातांकडे पाहिलं. हा छपाईवाला पोरगा. कागदाची एक बाजू दुसरीकडे गेली तर याला रात्री झोप लागणार नाही. हा निम्मे कागद पालथे घालून बांधेल? त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते बाहेर पडले.

४

सरिताशी बोलणं जड गेलं. तिला लहानपणी बापूरावांनी खांद्यावर घेऊन बाजार दाखवला होता.

"काका, तुमाले खरं सांगू? मले त्या रेलाचा राग येत होता," ती म्हणाली. "बाबा माझ्यासंग इतके कधी बोलले नाईत, जितके त्या कागदावरच्या पोरीसंग बोलले. पुस्तकं मी वाचलीच नाईत. एकबी नाई. मागच्या महिन्यात बाबा म्हनाले, शेवटचं प्रकरण होत आलं, तुले वाचून दाखवतो, ये. मी म्हनलं, परीक्षा हायेत शाळेत. आता वाचाले बसली, तं तेच गेलं."

हिनेही नेलं नव्हतं. मनात राग होता म्हणून फाडले असते, तर सगळेच गठ्ठे फाडले असते. आणि शिक्षिकेचा हात. पेपरांचे गठ्ठे लावून लावून तिची बोटं आपोआप कागद सरळ करत होती, बोलता बोलतासुद्धा.

त्या संध्याकाळी बापूराव पराभूत होऊन ओसरीवर बसले. तीन संशयित; त्यातले दोन निर्दोष, आणि तिसरीला त्यांनी स्वतःच सोडून दिलं होतं.

सकाळी बायनाबाई कामाला आली नाही. चार वर्षांत पहिल्यांदा तिचा खाडा.

५

बापूरावांनी एकविसाव्या प्रकरणाचा गठ्ठा पुन्हा मांडीवर घेतला. दोरा सोडला, कागद सरळ केले, आणि चोराने बांधला होता तसा बांधून पाहू लागले. तेरा उताणे. त्यांच्यावर तेरा पालथे. वर दोऱ्याचे दोन वेढे, आणि एका टोकाने सुटणारी गाठ. बोटं अडखळली नाहीत. काय करायचं हे त्यांच्या बोटांना आधीच माहीत होतं.

आणि मग त्यांना एकदम उन्हाळा आठवला. मे महिना, सिंदेवाहीच्या मागचं रान, ते आणि श्रावण आठ-नऊ वर्षांचे, दोघांच्या आया अंगणात तेंदूची पानं मोजून पुडे बांधताहेत. निम्मी पानं उताणी, निम्मी पालथी, पोटाशी पोट, म्हणजे वाळताना वळत नाहीत. पालथी लावली नाहीत की आई हातावर चापट मारायची. पुढं ते पुडे फळीवर, म्हणजे पानं मोजून घेतात तिथं, जायचे.

ज्याला वाचता येतं तो अक्षराची बाजू वर ठेवतो. निम्मी अक्षरं पालथी घालणारा माणूस वाचणारा नव्हता. त्याच्या हातात सव्वीस पानांचा पुडा होता. पण आकडे त्याला येत होते, कारण फळीवर पुडे मोजून द्यावे लागतात. म्हणूनच बावीस बरोबर ओळखला.

बायनाबाई.

हे इतकं सोपं होतं की बापूरावांना स्वतःच्या अकलेची कीव आली. ज्या प्रश्नाने तिला सोडलं, तोच प्रश्न आता उलटा करून विचारायला हवा होता. जिला वाचता येत नाही, तिला एवढ्या गोष्टींमधलं फक्त शेवटचं प्रकरण कशाला हवं?

गोष्टीसाठी नव्हे. चैतूचं पुढे खरोखर काय झालं, एवढ्यासाठी.

तेवढ्यात फाटक वाजलं. कॉलेजात जाणारी एक मुलगी सायकल धरून उभी होती, धापा टाकत.

"तुमीच बापूरावभाऊ ना? मी रंजीता. बायनाबाईची पोरगी. आई पहाटेच्या एसटीनं गावाले गेली. खणायची सब्बल घेऊन गेली, जी."

"कोनतं गाव तुमचं?"

"कोहकाटोला. धानोऱ्याच्या तिकडं."

ते नाव ऐकताच बापूराव उठले आणि गाडी काढायला सांगायला मिथुनच्या दुकानाकडे निघाले.

६

मिथुनच्या गाडीतून रंजीतासोबत जाताना बापूरावांनी सगळं सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं.

चौदा वर्षांपूर्वी ते कोहकाटोल्याजवळच्या चौकीवर होते. एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला गेलेला नऊ वर्षांचा एक मुलगा परत आला नाही. हिरवा शाळेचा शर्ट, बटणांच्या जागी दोन पिना. कमरेला बैलाचं घुंगरू, कारण तो सारखा पळायचा आणि आईला आवाज ऐकू यावा. बापूरावांनी आईचा जबाब लिहिला, चार दिवस रान पालथं घातलं, आणि तपास थंडावला. पुढे कधीतरी चहा पिता पिता त्यांनी हे सगळं श्रावणला सांगितलं. वर्षभराने पहिलं पुस्तक आलं. चैतूच्या कमरेला घुंगरू होतं आणि हिरव्या शर्टाला दोन पिना होत्या.

"मले अभिमान वाटला होता बाप्पा," बापूराव म्हणाले. "माह्या सांगन्यावरून पुस्तक झालं म्हनून."

ना त्यांनी त्या आईला विचारलं, ना श्रावणने. विचारायचं असतं, हेच सुचलं नाही.

"मी सातवीत होती," रंजीता खिडकीबाहेर बघत बोलू लागली. "शाळेतून पुस्तक आनलं, आईले वाचून दाखवलं. पिना आल्या तशी आई उठून बसली. मी म्हनलं, आई, गोष्ट हाये. थे म्हने, गोष्टीत माह्या लेकराच्या पिना कशा आल्या? गुरुजीले कोनी तरी सांगतलं. पोलीस त्याचा दोस्त असन. पोलिसाले मालूम हाये, आपल्याले सांगत नाईत, याले सांगतात. मंग गडचिरोलीले खोली केली अन् गुरुजीच्या घरी काम धरलं. दरसाल एक पुस्तक येये, मी वाचून दाखवो. आईसाठी थे बातमीच होती, भाऊ. चैतू उपाशी हाये म्हनलं का आई जेवत नव्हती."

मिथुनने गाडी हळू केली. डोळ्यांपुढचा रस्ता त्याला नीट दिसत नव्हता.

"अन् गुरुजीले तिनं कधी विचारलं नाई?" त्याने कसंबसं विचारलं.

"म्हने, विचारलं तं लिवनं बंद करतीन."

"मले तरी विचारायचं," बापूराव म्हणाले.

"तुमाले वळखलं होतं तिनं पहिल्याच दिवशी. तुमी नाई वळखलं. थे म्हने, ज्याले मी याद नाई, त्याले माहं पोरगं का याद असन."

जबाब लिहिताना त्यांची नजर कागदावर असायची. समोरच्या बाईचा चेहरा त्यांनी बहुधा पाहिलाच नव्हता. पुढे चार वर्षं तिच्या हातचा चहा घेतानाही त्यांनी कपाकडेच पाहिलं.

"अन् बाविसाव्यात का हाये?" त्यांनी विचारलं, जरी उत्तर त्यांना समजलं होतं.

"चैतू मेला हाये. रेला नाल्याच्या पलीकडं जाते. तीन दगड एकमेकाले टेकून उभे हायेत, त्याच्या बाजूले फाटलेलं मोहाचं झाड. तिथं त्याची हाडं भेटतात. मंग गावकरी दगड उभा करतात अन् थो सावली घेऊन निघून जाते. लय बेस लिवलं हाये. मी वाचून राह्यली होती, अन् आई सब्बल शोधून राह्यली होती."

कोहकाटोल्याच्या लोकांत मेलेल्या माणसासाठी दगड उभा करतात. पण माणूस मेला हे ठरल्याशिवाय दगड उभा होत नाही. बायनाबाईचा मुलगा चौदा वर्षं ना घरात होता, ना दगडात.

७

नाला फेब्रुवारीत घोटाभर वाहत होता. अलीकडे बापूरावांच्या ओळखीची वाट, पलीकडे तीन टेकलेले दगड. बापूराव काठावर थबकले. चौदा वर्षांपूर्वी चौथ्या दिवशी ते इथंच थबकले होते. ऊन कललं होतं, पलीकडच्या रानाची तेव्हा सगळ्यांनाच भीती होती, आणि साहेब म्हणाले होते, लिहून टाका पाहिलं म्हणून. त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं होतं: नाल्यापलीकडील भागही तपासला, काही मिळून आले नाही.

त्यांनी वहाणा हातात घेतल्या आणि पाण्यात उतरले.

बायनाबाईने दगडांभोवती कमरेएवढा खड्डा केला होता आणि दुसरा सुरू केला होता. तळहात सोलले होते. बाविसावं प्रकरण पदराच्या गाठोड्यात बांधून शेजारी ठेवलेलं. तिने वर पाहिलं, दचकली नाही.

"इथी नाई भेटलं, भाऊ. मोहाचं झाड बी फाटलेलं नाई. जागा चुकली का मी?"

"जागा चुकली नाई, बाई," बापूराव खड्ड्याच्या काठावर बसत म्हणाले. "जागा खोटी हाये. हे तीन दगड मी अलीकडून पाह्यले होते, थे श्रावणले सांगतले. झाड त्यानं मनानं लावलं. हाडंबी मनानं ठेवली. त्याले काई मालूम नव्हतं. मलेबी नव्हतं."

"मंग तुमाले का मालूम होतं?"

"एवढंच का आमी नाला वलांडला नाई. कागदावर लिवलं का वलांडला. थे मी लिवलं."

ती सब्बलावर हात ठेवून उभी राहिली. रंजीता रडत होती, मिथुन नाल्यातच उभा होता.

"म्हनजे इकडं कोनी आलंच नाई," बायनाबाई म्हणाली. "मी घरी बसली, इकडं पाहून झालं म्हनून."

"हो."

"गुरुजी तरी इकडं आला. कागदावर का होईना."

बापूरावांना वाटलं, तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "मी ठान्यात जातो, बाई. लिहून देतो, तपास खोटा होता म्हनून. मले जे व्हायचं थे होवो. पुन्हा पाहाले लावतो सगळं रान."

"देजा लिहून." तिने गाठोडं सोडलं आणि कागद मिथुनला हाक मारून त्याच्या हातात दिले. निम्मे पालथे होते. "छाप रे बाबू. लेकरं वाट पाहून राह्यली असतीन. शेवट चांगला केला गुरुजीनं, त्याले काई म्हनत नाई मी. पन चैतू नको लिवू. माह्या पोराचं खरं नाव टाक."

"टाकतो, मावशी. का नाव होतं?"

"त्याईले विचार." तिने बापूरावांकडे बोट केलं. "पोलिसाले विचार. त्याईनं लिवलं हाये."

बापूरावांनी तोंड उघडलं. हिरवा शर्ट आठवला, दोन पिना आठवल्या, घुंगरू आठवलं. उंची साडेतीन फूट, वर्ण सावळा, डाव्या भुवईवर खूण. सदर मुलगा, सदर मुलगा, असं पानभर लिहिलेलं आठवलं. श्रावणशी कितीदा बोललो, तेव्हाही 'तो पोरगा' म्हणालो, आणि मग चैतू म्हणू लागलो. ते आठवत राहिले. रंजीताने सांगायला ओठ हलवले, तर बायनाबाईने हाताने तिला थांबवलं.

ती वाट पाहत होती. बापूरावांनी मान खाली घातली.

"चार दिवस रानात हिंडले म्हनता," बायनाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं विचारत होती. "मंग हाका कोनाले मारत होते?"

"पोचू," शेवटी तिनेच सांगितलं. "पोचू नरोटे. लिवा."

बापूरावांनी खिशातून पेन काढलं. शेवटच्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर, गुडघ्यावर धरून, त्यांनी ते नाव लिहिलं. अक्षर नीट आलं नाही, म्हणून त्यांनी खाली पुन्हा एकदा लिहिलं.